कधीच न विसरता येणारा पासवर्ड

मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलंय, पण लाल अक्षरांत 'कमकुवत' म्हणणारा पहिला कॉम्प्युटरच.

जळगावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कारकुनी करतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हजेरीपासून रजेच्या अर्जापर्यंत सगळं पडद्यावर आलं आणि प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड ठेवायला सांगण्यात आलं. मी मोठ्या विश्वासानं बायकोचं नाव टाकलं. खाली एक पट्टी होती, ती लाल झाली: कमकुवत. नावापुढे स्कूटरचा नंबर जोडला. पट्टी पिवळी झाली: मध्यम. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान लांब करून बघत होताच.

"वहिनी एकट्या असल्या की कमकुवत, आणि स्कूटर जोडली की मध्यम! घरी सांगू नका बरं," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. तोच सांगून आला.

मग नियम वाढले. एक अक्षर मोठं पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे, आणि दर महिन्याला नवा पाहिजे. मी यावर शोधलेला तोडगा मला तेव्हा फार चलाख वाटला होता. गाव ठेवलं फैजपूर, पुढे एक चिन्ह, त्यापुढे महिन्याचा आकडा. महिना बदलला की आकडा बदलायचा, गाव जागच्या जागी. असं बरेच दिवस सुखानं चाललं. एके सकाळी मी ऑफिसात येऊन बसलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही आज रजेवर आहात."

"मी इथे आहे साहेब."

"अर्ज आलाय तुमचा. कारण लिहिलंय, 'डोक्याला विश्रांती'."

शेजारच्या टेबलावर तोच सहकारी मान खाली घालून इतकं मन लावून काम करत होता की त्याच वेळी मी समजलो. रजा मंजूर झालेली. कॉम्प्युटर ती मागे घेईना. दिवसभर मी रजेवर असताना काम केलं.

या प्रकारानंतर संस्थेनं सगळ्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला आलेल्या बाई वयानं माझ्या निम्म्या, पण बोलणं स्वच्छ. त्या म्हणाल्या, चोर काही तुमच्यासारखा खुर्चीत बसून डोकं खाजवत नाही. त्याचं यंत्र नावं, गावं, सालं, देव, गाड्यांचे नंबर असं सगळं एका दमात लावून बघतं. मधल्या एका अक्षराच्या जागी चिन्ह घातलं तर तुम्हाला वाटतं आपण फार मोठं काही केलं. त्याला ती युक्ती तुमच्या आधीपासून ठाऊक असते. म्हणून चित्रविचित्र करण्यापेक्षा लांब करा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, त्यांचं मनाशी एक वेडंवाकडं चित्र जमवा. शब्द विसरतील, चित्र विसरणार नाही. दर ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे शाबूत. आणि कुणालाही सांगू नका. इतके सगळे लक्षात राहत नाहीत म्हणून ते सांभाळणारं एक ॲप असतं, हेही त्यांनी सांगितलं. पण नेमका तेव्हा चहा आला आणि तो भाग माझ्याकडून निसटला.

जेवढं कानात शिरलं तेवढ्यावर मी प्रचाराला लागलो. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना गाठून मी विचारायचो, "पासवर्ड काय ठेवलाय?" आणि लोक खरंच सांगायचे! आमच्या कॉलनीत तर एकाच देवावर, पुढे एक-दोन-तीन लावून, निम्म्या खात्यांचं रक्षण सोपवलेलं निघालं. मी म्हणायचो, "अहो, लांब ठेवा. आता उदाहरणार्थ माझाच घ्या," आणि माझा सांगायचो. घरी येऊन तो बदलायचो. दुसऱ्या दिवशी नवा श्रोता, नवं उदाहरण. बायको म्हणाली, "तुमचा पासवर्ड आता कॉलनीच्या बोर्डावर लावा, म्हणजे रोज फिरून सांगायला नको."

आता भाचीकडे येतो.

माझी मोठी बहीण धुळ्याला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, निवृत्त मास्तर. नोकरीत बोलून बोलून सगळं संपवलं असावं, कारण घरात ते फारसं बोलत नाहीत. आणि बोलायचं ठरवलं तरी अक्का असताना जागा मिळत नाही. त्यांची एकुलती मुलगी बारावी झाली. तिला शेतकीला जायचं होतं. नुसतं शेतकीला नव्हे, धुळ्यातल्याच एका ठरलेल्या कॉलेजात, कारण तिथे मातीच्या परीक्षणाची प्रयोगशाळा चांगली आहे असं तिनं स्वतः जाऊन पाहिलं होतं. आमच्या नात्यात ज्यांना ज्यांना शेतीतून बाहेर पडता आलं ते सगळे तिला वेड्यात काढत होते. ती ऐकत नव्हती. मला ती पोरगी त्यासाठीच आवडते.

प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन होता. उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर भरू. सगळी माहिती तिनं भरली. पासवर्डचा रकाना आला तसा मी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"मामा, मी ठेवते ना."

"तू थांब. हे पोरखेळाचं काम नाही."

बाईंनी सांगितलं होतं, शब्दांचा एकमेकांशी संबंध नको. मी डोळे मिटले, डोकं मोकळं केलं, आणि असंबद्ध असे चार शब्द शोधायला लागलो. खानदेशातल्या माणसानं डोकं मोकळं केलं की त्यात पहिल्यांदा भरीत येतं. त्याला माझा इलाज नाही. थंडी पडली की आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरताचा बेत ठरतो. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, आणि पंगतीला बसायचं. आमचं सगळं खटलं दर हिवाळ्यात फैजपूरकडच्या एका चुलतभावाच्या मळ्यात जमतं, आणि तिथल्या भरताची सगळी सूत्रं माझ्या हातात असतात. निदान माझी तशी समजूत होती.

तर मी ठरवलं, भरीत करताना जे जसं येतं ते चार शब्द त्याच क्रमानं. हे चित्र मी मेल्यावरसुद्धा विसरणार नाही. टाइप केलं, नियमापुरतं मोठं अक्षर, आकडा आणि चिन्हही ठोकलं. पट्टी हिरवी झाली: अतिशय भक्कम. मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ती पट्टी दाखवली. ब्राउझरनं विचारलं, हा पासवर्ड सांभाळून ठेवू का? मी 'कधीच नाही' यावर टिचकी मारली, तीही जरा तोऱ्यातच. खाली ओळख पटवायचा एक प्रश्न होता. तिथे खरं उत्तर देऊ नका असं बाई म्हणाल्या होत्या, म्हणून मनाला येईल ते ठोकून दिलं. मोबाइल नंबर दाजींचा घातला.

"मामा, पासवर्ड लिहून घेऊ?"

"लिहायचं नसतं."

"मग सांगा तरी."

"सांगायचंही नसतं. वेळ आली की मी आहे ना!"

वेळ जुलैत आली. यादी लागली आणि तिला हवं होतं तेच कॉलेज मिळालं. फोनवर अक्का रडत होती की हसत होती हे कळायला मार्ग नव्हता. आता एकच काम उरलं होतं. ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत खात्यात शिरून 'जागा मान्य' असं बटण दाबायचं. न दाबल्यास जागा पुढच्या मुलाला जाणार. भाची म्हणाली, "मामा, पासवर्ड फोनवर सांगा, मी आत्ताच करून टाकते." मी म्हटलं, "फोनवर? अजिबात नाही. मी शेवटच्या दिवशी पेढे घेऊन येतो आणि स्वतः करून देतो. दोन मिनिटांचं काम."

खरं सांगायचं तर मला ते बटण सगळ्या घरादारासमोर दाबायचं होतं.

मी सकाळी निघालो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा उतरून चहा घेतला. दुपारी धुळ्याला पोचलो तर अक्कानं शेवभाजी केलेली. मी यथासांग जेवलो, पुन्हा रस्सा मागून घेतला. भाची जेवत जेवत घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, "एवढी काय घाई? हात तर धुऊ दे." हात धुतले, बडीशेप खाल्ली, खुर्ची ओढली, चष्मा पुसला, बोटं मोडली आणि टाइप केलं: वांगी, मिरची, लसूण, कांद्याची पात.

पासवर्ड चुकीचा आहे.

"मोठं अक्षर राहिलं असेल," मी म्हटलं. पुन्हा. चुकीचा. मग शेंगदाणे घालून पाहिले. चुकीचा. मग लसूण मिरचीच्या आधी.

"लसूण आधी?" अक्का मागून म्हणाली. "कच्चा?"

"कच्चाच. आपल्या घरी कच्चाच ठेचतात. तू सासरी येऊन तळायला शिकलीस."

"तळल्यानं चव येते. तुमच्या जळगावकडं नुसता उग्र वास."

"अक्का, तू फैजपूरची आहेस की धुळ्याची, ते एकदा ठरव!"

"आई! मामा!" भाची एवढ्यानं ओरडली की आम्ही दोघंही गप्प झालो. तिनं बोटानं पडदा दाखवला. तिथे नवीन ओळ आली होती. आणखी एकदा चुकल्यास खातं चोवीस तास बंद.

मग 'पासवर्ड विसरलात?' यावर गेलो. मोबाइलवर आकडे पाठवलेत, असं पडद्यानं सांगितलं. आम्ही सगळे दाजींकडे बघायला लागलो. दाजी आमच्याकडे बघायला लागले.

"दाजी, आकडे आले का?"

"तो नंबर बंद केला."

"कधी?"

"उन्हाळा संपता संपता."

"मग सांगितलं नाही?"

"विचारलं नाही."

ओळखीचा प्रश्न होता, बालपणीच्या मित्राचं नाव काय. मी तिथे कुणाचं नाव ठोकलं होतं ते देव जाणे. खऱ्या मित्राचं नव्हतं एवढं नक्की. मदतीचा नंबर फिरवला तर तिकडे बासरी वाजत होती. बराच वेळ ऐकली. अक्कानं तोवर देवाजवळ दिवा लावला आणि परत येऊन माझ्याकडे कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

"भाऊ, तुले चार शब्द बी ध्यानमा ठेवता येत नही का रे?"

अक्का अहिराणीवर आली म्हणजे पाणी डोक्यावरून चाललं असं आमच्या घरात समजतात.

भाची आत गेली, तोंड धुऊन आली आणि खुर्चीवर बसून ओल्या तोंडानंच म्हणाली, "मामा, पुढच्या फेरीत ही जागा राहणार नाही. मी बघितलंय. खूप मुलं थांबलीयत." तिचा आवाज अगदी साधा होता. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जळगावहून बायको. सगळ्यांना अभिनंदन ऐकू जावं म्हणून मी सवयीनं स्पीकर लावला, आणि मग काय झालंय ते सांगावं लागलं.

"अहो, पण कशावर ठेवला होतात?"

"भरीत. मी भरीत करतो ना, त्या क्रमानं."

तिकडे हातातलं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही भरीत कधी केलंत?"

"म्हणजे? दर हिवाळ्यात!"

"वांगी आम्ही धुतो, भाजतात तुमचे चुलतभाऊ, ठेचते मी. तुम्ही मफलर गुंडाळून उभे राहता आणि ओरडता."

मी गार पडलो. कारण ते खरं होतं. वांग्याला माझा हात लागतो तो थेट ताटात. म्हणजे पासवर्ड जिनसांचा नव्हताच. त्या दिवशी डोळे मिटल्यावर मला चूल दिसली होती आणि मी जे ओरडतो तेच बोटांनी लिहिलं होतं.

"बरं," मी म्हटलं, "मग मी काय ओरडतो?"

अक्का भाचीकडे बघत होती. दाजी छताच्या पंख्याकडे बघत होते. भाची जमिनीकडे. फोनमधून बायकोच्या खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही," भाची म्हणाली.

"कर ना वं पोरी," अक्का म्हणाली. "जागा जाई मंग."

"मामांसमोर? नको आई."

"बठ्ठास्नी पाहेल शे. एकला मामानीच पाहेल नही."

तेव्हा मला कळलं की आमच्या घराण्यात माझी नक्कल नावाचा, मी सोडून सगळ्यांनी पाहिलेला, एक कार्यक्रम असतो. लग्नात हळदीच्या दिवशी, बारशाला, कुणी पाहुणा आला की. मी झोपायला गेलो, किंवा पानाला बाहेर पडलो, की फर्माईश होते. ती नक्कल सगळ्यात चांगली कोण करतं, तर ही माझी लाडकी भाची. आणि ती आता जागेपायी की मामाच्या मानापायी अशा पेचात उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"कर," मी म्हटलं. "पाच वाजतील."

तिनं खुंटीवरचा टॉवेल ओढून डोक्याला मफलरसारखा गुंडाळला. चष्मा नव्हता, तरी नाकावर घसरलेला चष्मा वर सारला. एक हात कंबरेवर. दुसऱ्या हातात दाजींची फूटपट्टी. पोट जरा पुढे काढलं. ते काढायची गरज होती का, हा वेगळा प्रश्न. आणि माझा आवाज तिच्या गळ्यातून आला:

"देठ! देठ राहू द्या! कोण आहे तिकडे? काडी! काडी पुढे सारा, आग मंदावली! मिरची आधी! थांबा! तेल मी सांगेन तेव्हा! थांबा म्हणतो ना!"

धुराला चुकवत मागे सरकण्याची माझी एक लकब आहे म्हणे. तीही केली. फोनमधून बायको इतकी हसत होती की स्पीकर फाटायला आला. अक्का पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. मी मात्र एका शब्दावर अडलो होतो.

"थांबा? मी 'थांबा' कधी म्हणतो?"

"दर वाक्याला," दाजी म्हणाले. तेवढ्यासाठी त्यांनी पंख्यावरून नजर काढली.

देठ, काडी, मिरची, थांबा. हिरव्या पट्टीखाली मी टाइप केलेलं एकदम डोळ्यांपुढे आलं. भाचीनं टॉवेल तसाच डोक्याला ठेवून टाइप करायला घेतलं.

"आकडा आणि चिन्ह?" मी घाबरत विचारलं. "ते तर मला काहीच..."

"पहिलं अक्षर मोठं, शेवटी एकचा आकडा आणि उद्गारचिन्ह. मामा, सगळे तेच करतात."

तिनं बटण दाबण्याआधी एकदा माझ्याकडे पाहिलं. आणखी एक चूक परवडणारी नव्हती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, मला आजही सांगता येणार नाही.

खातं उघडलं.

अक्का ओरडली. फोनमधून बायको ओरडली. 'जागा मान्य' हे बटण मला दाबायचं होतं हे मी विसरून गेलो होतो, आणि भाचीनंही विचारलं नाही. तिनं प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचली, कॉलेजचं नाव पुन्हा वाचलं आणि मग स्वतःच्या बोटानं दाबलं. पाच वाजायला थोडा अवकाश होता. पडद्यावर जागा निश्चित झाल्याची पावती आली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की डोक्याला टॉवेल आहे.

मी पेढ्यांचा पुडा सोडायला लागलो. सोडता सोडता मनात हिशेब चालला होता. ज्याला मी घराण्यातलं सगळ्यात मोठं गुपित समजून बसलो होतो, ते दर लग्नात माझ्या पाठीमागे टाळ्या घेत होतं. चुलत-मावस धरून आमचं अख्खं गोत ते पासवर्ड हावभावासकट म्हणू शकत होतं. अतिशय भक्कम!

"मामा," भाची म्हणाली, "आता मी पासवर्ड बदलते."

"बदल की! मी सांगतो, बाई काय म्हणाल्या होत्या, चार शब्द असे घे की..."

"मामा, तुम्ही जरा बाहेर बसता?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्कानं दाराकडे पाहिलं. दाजी आधीच उठून ओट्यावर जाऊन बसले होते, समंजस माणूस. मी पुडा घेऊन त्यांच्या शेजारी टेकलो. त्यांनी एक पेढा घेतला, मी एक घेतला. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे गोळा करत होतं.

आतून बटणांचा आवाज यायला लागला. टिक टिक टिक. मला वाटलं, झालं असेल. तर नाही, चालूच. मध्ये जरा थांबला, पुन्हा सुरू झाला. कुठल्याही माणसाच्या नावापेक्षा, गावापेक्षा, गाडीच्या नंबरापेक्षा कितीतरी लांब काहीतरी ती लिहीत होती. तेच पुन्हा एकदा लिहून खात्री करायला सांगतात, म्हणून तो सगळा आवाज पहिल्यापासून पुन्हा झाला, त्याच चालीत, कुठेही न अडखळता.

अक्का दारात आली. "भाऊ, तिनं काय ठेवलं ते विचारून घे रे. उद्या विसरली म्हणजे?"

"नाही विसरत ती," मी म्हटलं, आणि पुड्यातला पेढा अक्कापुढे केला.